खांद्याच्या दुखापतीनंतर धनुष्य निवडताना

अमेरिकेत धनुष्याने शिकार करणारे दुखापतीनंतर कंपाउंड धनुष्य घेताना हे पाहतात :

● ड्रॉ वेट (दोरी खेचायला लागणारा जोर) : कोलोरॅडोत मोठ्या प्राण्यांसाठी किमान ३५ पौंड लागतात. त्याहून फार जड धनुष्याचा हट्ट नको.

● लेट-ऑफ : ६० पौंडांच्या धनुष्याला ८० टक्के लेट-ऑफ असेल, तर पूर्ण ताणल्यावर १२ पौंडच धरावे लागतात. पण खेचताना मधला पूर्ण भार खांद्यावरच येतो.

● कॅम (धनुष्याच्या टोकांवरची चाकं) : वेगवान कॅमपेक्षा सौम्य कॅम दुखऱ्या खांद्याला मानवतो.

● परीक्षा : खुर्चीत बसून पाय उचला, बाण लक्ष्याकडे ठेवून दोरी सावकाश खेचा. धनुष्य आभाळाकडे न्यावं लागलं, तर ते जड आहे.

भारतात मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. इथे नेम फक्त लक्ष्यफलकावरच धरा.