बोटावरचा ऑक्सिमीटर आणि झोपेत अडणारा श्वास

घोरणे म्हणजे गाढ झोपेची खूण, हा समज समाजात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. घरातला कर्ता माणूस दिवसभराच्या श्रमाने थकून घोरू लागला की इतरांना थट्टा सुचते, काळजी सहसा वाटत नाही. परंतु मोठ्याने चाललेले घोरणे एकाएकी थांबते, काही क्षण खोलीत शांतता पसरते आणि मग गुदमरल्यासारखा आवाज करीत तो माणूस पुन्हा श्वास घेऊ लागतो, तेव्हा शेजारी झोपलेल्या पत्नीची झोप उडते. सकाळी विचारावे, तर त्याला स्वतःला यातले काहीही आठवत नसते. झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या या विकाराला ‘स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात.

करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत, असंख्य घरांमध्ये पल्स ऑक्सिमीटर येऊन पोचला. साथ ओसरली आणि ते छोटे यंत्र कपाटात पडून राहिले. आता घोरणाऱ्या माणसाच्या बोटाला तेच यंत्र लावून ‘ऑक्सिजन तर ९७ आहे, म्हणजे काही बिघडलेले नाही’ असा निष्कर्ष घरोघरी काढला जाताना दिसतो. हा निष्कर्ष चुकीचा असू शकतो आणि त्यातून मिळणारा खोटा दिलासा घातकही ठरू शकतो. ऑक्सिमीटर नेमके काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे म्हणूनच समजून घेणे आवश्यक आहे.

विकार नेमका कोणता?

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. मान जाड असेल, वजन अधिक असेल, जबडा लहान किंवा मागे असेल अथवा टॉन्सिल मोठे असतील, तर आधीच अरुंद असलेला श्वासमार्ग मिटतो. छाती आणि पोट श्वास घेण्याची धडपड करीत राहतात, पण हवा आत जात नाही. अशी स्थिती १० सेकंद किंवा त्याहून अधिक काळ टिकली, तर तिला ‘अ‍ॅप्निया’ म्हणतात. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. प्रौढांमध्ये पूर्ण किंवा अंशतः अडलेल्या श्वासांची संख्या तासाला ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० च्या पुढे गेल्यास तीव्र मानला जातो.

हा विकार दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयोगटातील शहरी पुरुषांची केलेली पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत १९.५ टक्के पुरुषांमध्ये झोपेत श्वास अडण्याचा दोष आढळला, तर ७.५ टक्क्यांमध्ये त्याच्या जोडीला दिवसा अतिझोप येण्याचे लक्षणही होते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर या विकाराचे प्रमाण वाढते. मात्र त्यांची तक्रार बहुधा थकवा, सकाळची डोकेदुखी किंवा झोप न लागणे अशी असल्याने निदान राहून जाते.

यंत्राचे काम कसे चालते?

जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी या यंत्रामागचे तत्त्व मांडले. बोटाच्या एका बाजूने तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडले जातात. प्राणवायूने युक्त असलेले आणि नसलेले रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेते. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी होणारा बदल मोजून रक्तातील किती टक्के हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेले आहे, याचे अनुमान यंत्र काढते. निरोगी माणसात हा आकडा सहसा ९५ ते १०० च्या दरम्यान असतो.

जागेपणी बोट घालून दिसलेला ९७ हा आकडा त्या क्षणापुरता खरा असतो. स्लीप अ‍ॅप्नियाचा रुग्ण जागेपणी व्यवस्थित श्वास घेत असल्याने त्याचा आकडा चांगलाच दिसणार. रात्री दोन-तीनदा उठून, झोपलेल्या माणसाच्या बोटाला यंत्र लावून पाहण्यानेही फारसे साधत नाही. श्वास अडल्यानंतर बोटातील आकडा उतरायला काही सेकंद लागतात, आणि स्पर्शाने माणूस चाळवला की श्वासमार्ग उघडतो.

उपयोगी पडतो तो रात्रभर सलग नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर. मनगटावर घड्याळासारखे बांधायचे आणि तारेने बोटाच्या टोपणाला जोडलेले, अथवा अंगठीच्या आकाराचे असे त्याचे प्रकार मिळतात. दर काही सेकंदांनी घेतलेली नोंद सकाळी संगणकावर आलेखाच्या रूपाने पाहता येते. श्वास वारंवार अडत असेल, तर आलेखावर करवतीच्या दात्यांसारखी चढउताराची नक्षी दिसते. आकडा ३ किंवा ४ टक्क्यांनी किती वेळा घसरला, याची ताशी सरासरी काढली जाते. याउलट आकडा एकदा खाली जाऊन दीर्घकाळ तेथेच राहिला, तर फुफ्फुसांचा जुना आजार किंवा अतिस्थूलतेमुळे उथळ झालेला श्वास यांचा विचार डॉक्टर करतात.

चांगल्या आलेखाची फसवणूक

रात्रभराचा आलेख स्पष्टपणे बिघडलेला असेल, तर विकाराचा संशय बळावतो. परंतु आलेख चांगला आला म्हणजे विकार नाही, असे म्हणता येत नाही. त्याची कारणे अनेक आहेत.

पहिले कारण शरीराच्या घडणीत आहे. रक्तातील प्राणवायूचा दाब बराच उतरेपर्यंत हिमोग्लोबिनची टक्केवारी फारशी हलत नाही. फुफ्फुसे निरोगी असलेल्या सडपातळ, तरुण माणसाचा श्वास पुन्हापुन्हा अडून झोप मोडत असली, तरी त्याचा आकडा ९४ च्या खाली जाणारही नाही. अशा वेळी झोपेची चाळण झालेली असते, पण ऑक्सिमीटरला त्याचा पत्ता लागत नाही.

दुसरे कारण हिशेबाचे. माणूस जागा आहे की झोपलेला, हे साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही. समजा, ७ तासांच्या नोंदीत ८४ घसरणी आढळल्या. म्हणजे ताशी १२. पण त्यांतील २ तास तो माणूस कूस बदलत जागाच पडला असेल, तर प्रत्यक्ष झोपेच्या ५ तासांसाठी हे प्रमाण ताशी जवळपास १७ होते. सौम्य वाटणारा विकार मध्यम गटात जाऊ शकतो.

तिसरे कारण यंत्राच्या मर्यादांचे. गार पडलेली बोटे, गडद नेलपॉलिश, मेंदी, सैल टोपण आणि हालचाल यांमुळे आकडा चुकतो. त्वचेचा रंग गडद असल्यास काही यंत्रे प्राणवायू वास्तवापेक्षा अधिक दाखवतात, हे अमेरिकेतील रुग्णांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठळकपणे पुढे आले. काही यंत्रे दीर्घ कालावधीची सरासरी दाखवतात. त्यामुळे छोट्या घसरणी पुसल्या जातात. शिवाय श्वास घसा मिटल्याने अडला की मेंदूकडून आज्ञाच न आल्याने थांबला, हा भेद ऑक्सिमीटर करू शकत नाही. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांच्या बाबतीत तो भेद महत्त्वाचा असतो.

चाचणी करताना

डॉक्टरांनी घरी नोंद घेण्यास सांगितले असेल, तर ती नेहमीच्या दिनक्रमाच्या रात्री घ्यावी. नेलपॉलिश काढून, हात कोमट ठेवून टोपण नीट बसवावे आणि तार चिकटपट्टीने हाताला अडकवावी. झोपायला गेल्याची, उठल्याची आणि मध्येच जाग आल्याची वेळ वहीत टिपावी. मद्य किंवा झोपेची गोळी घेतली असल्यास तेही लिहावे, कारण त्यांनी श्वासाचा अडथळा वाढू शकतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र परस्पर बंद करू नये. नोंद तुटक आली किंवा चार तासांहूनही कमी वेळ मिळाली, तर चाचणी पुन्हा करावी लागते.

निश्चित निदानासाठी नाकातील हवेचा प्रवाह, छाती-पोटाची हालचाल आणि प्राणवायू एकत्र नोंदवणारी घरगुती चाचणी किंवा मेंदूच्या लहरींसह संपूर्ण झोपेचे मापन करणारी ‘पॉलिसोम्नोग्राफी’ करतात. घरगुती चाचणी निर्दोष आली, पण संशय कायम राहिला, तर पॉलिसोम्नोग्राफी करणेच योग्य. लहान मुलांच्या घोरण्याबाबत तर घरच्या यंत्रावर विसंबू नये; कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

आकडे खाली दिसले म्हणून परस्पर प्राणवायूचे सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर लावणे हाही उपाय नव्हे. प्राणवायूने आकडा सुधारतो, पण मिटलेला घसा उघडत नाही. काही रुग्णांच्या शरीरात त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो. घसा उघडा ठेवण्यासाठी हवेचा सौम्य दाब देणारे ‘सीपॅप’ यंत्र ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिवन यांनी १९८१ साली जगापुढे आणले आणि आजही तोच प्रमुख उपचार आहे. वजन घटवणे, कुशीवर झोपणे, जबडा पुढे धरणारे दंतसाधन आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया हेही मार्ग आहेत.

दिवसा बसल्याजागी डुलकी लागणे, गाडी चालवताना डोळे मिटणे, औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात न येणे, सकाळी डोके जड असणे ही लक्षणे असतील, तर ऑक्सिमीटरचा आकडा काहीही असो, डॉक्टरांना भेटावे आणि तोवर वाहन चालवणे टाळावे. जागेपणीही धाप लागत असेल आणि आकडा ९० च्या खाली राहत असेल, तर आलेखाची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. रात्री श्वास थांबताना ज्या व्यक्तीने ऐकला आहे, तिने डॉक्टरांकडे सोबत जावे. रुग्णाला स्वतःला जे ठाऊक नसते आणि बोटावरच्या यंत्रालाही जे नेहमी कळत नाही, ते तीच सांगू शकते.