दाताच्या डॉक्टरची भीती: पुढे ढकललेला बग

आजचा भाग अशा लोकांसाठी, ज्यांची दाढ दुखतेय आणि तरीही "पुढच्या आठवड्यात बघू" चाललंय.

मी त्यातलाच. सॉफ्टवेअरवाला माणूस, बग पुढच्या स्प्रिंटला ढकलायची सवय. खालच्या दाढेतली कीडही मी अशीच आठ महिने ढकलली. गार पाण्याने कळ यायची, मग दुसऱ्या बाजूने चावायचो. आई फोनवर विचारायची, "अरे, दाखवलंस का?" मी म्हणायचो, "या शनिवारी नक्की." खरं कारण भीती. सहावीत एका डॉक्टरांनी "काही दुखणार नाही" म्हणत माझा दात काढला होता, आणि जाम दुखलं होतं.

शेवटी एका रात्री दोन वाजता लवंगेचं तेलही हरलं. सकाळी मुकाट गेलो.

तिथे एक गोष्ट कळली. दाताच्या सगळ्यात बाहेरच्या थरात, एनॅमलमध्ये, नसाच नसतात. म्हणून कीड तिथे असेपर्यंत काहीच दुखत नाही, आणि तेव्हा काम छोटं असतं. कळ येतेय म्हणजे कीड बहुधा आत सरकलीय. नसेपर्यंत पोचली की मग रूट कॅनाल, नाहीतर दात काढणं.

आता भूल. इंजेक्शनमध्ये बऱ्याचदा लिग्नोकेन असतं. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी ते तयार केलं. ते नसेत शिरून सोडियमची दारं बंद करतं, त्यामुळे दुखण्याचा मेसेज मेंदूपर्यंत जातच नाही. पण जिथे इन्फेक्शन आणि सूज असते, तिथे आम्लता वाढते आणि औषध नसेत कमी शिरतं. मला दुसऱ्यांदा इंजेक्शन द्यावं लागलं, ते म्हणूनच. थोडक्यात, दुखेल म्हणून जितकं थांबू, तितकं दुखण्याची शक्यता आपणच वाढवतो.

मग भीतीचं काय करायचं? मला उपयोगी पडलं ते सांगतो.

पहिलं, खुर्चीत बसायच्या आधीच सांगा, "डॉक्टर, मला भीती वाटते." यात लाजण्यासारखं काही नाही, त्यांना अशी माणसं रोज भेटतात.

दुसरं, खूण ठरवा. डावा हात वर केला की थांबायचं. मी तो दोनदाच वर केला. पण थांबवणं आपल्या हातात आहे, एवढ्यानेच निम्मी भीती गेली.

तिसरं, सुईची भीती असेल तर आधी हिरडीला बधिर करणारं जेल लावायला सांगा, आणि इंजेक्शन सावकाश द्यायला सांगा. सावकाश दिलेलं कमी दुखतं.

चौथं, भूल दिल्यावरही दाब आणि मशीनची थरथर जाणवते. ते दुखणं नाही. हे आधी माहीत असलं की माणूस दचकत नाही. खरंच दुखलं तर मात्र हात वर!

पाचवं, पहिली भेट फक्त तपासणीची ठेवा. फोनवर तसं आधीच सांगा.

आणि हो, गाल सुजलाय आणि ताप आहे, किंवा तोंड उघडायला, गिळायला त्रास होतोय, तर शनिवारची वाट बघू नका. त्याच दिवशी जा.

फोन हातात आहेच. हा भाग संपला की आधी अपॉइंटमेंट घ्या, मग पुढचा भाग लावा. भेटू!