गोळी चालू, पण रक्त जातंय कुठं?

"दम लागतोय, हातपाय गळून गेल्यासारखे होतात. एक बाटली लावा." बारामती-इंदापूरकडच्या दवाखान्यात थोडा वेळ बसलं, की हे वाक्य कानावर पडतंच. त्या बाटलीत मीठपाणी असतं, नाहीतर साखरपाणी. त्यानं घटकाभर तरतरी येते, पण रक्त थेंबभरही वाढत नाही.

रक्ताला लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो आणि ते लोहावाचून तयार होत नाही. फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवायच्या या गाड्याच समजा. गाड्या कमी पडल्या की तोडलेला ऊस फडातच वाळतो; इथं स्नायू प्राणवायूवाचून थकतात. जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, माती किंवा खडू खावासा वाटतो.

हे हिमोग्लोबिन रक्तातल्या तांबड्या पेशींत असतं. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ती मेली तरी तिच्यातलं लोह शरीर टाकून देत नाही, पुन्हा वापरतं. म्हणून अन्नातून रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह अंगी लागलं तरी भागतं. दिवसाला दीड धरलं तर महिन्याची कमाई 45 मिलिग्रॅम, आणि त्यातलं पंचवीस-तीस नेहमीच्या झिजेतच जातं. आता पाळीचा खर्च धरा. दोन मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण एक मिलिग्रॅम लोह जातं. पाळीत 80 मिलिलिटर रक्त गेलं, तर 40 मिलिग्रॅम लोह गेलं. तूट दर महिन्याला. आधी साठा संपतो, मग हिमोग्लोबिन उतरतं. तोवर बाईला वाटतं, कामानंच थकवा आलाय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 जणी रक्तक्षयाच्या निघाल्या.

तपासणी सोपी आहे. बोट टोचून हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात कळतं. 12 च्या खाली, गरोदरपणी 11 च्या खाली, म्हणजे रक्त कमी. 8 च्या खाली, गरोदर असाल तर 7 च्या खाली गेलं, तर मोठ्या रुग्णालयातच जावं लागतं.

लोहाची गोळी आशाताई किंवा आरोग्य केंद्राकडून फुकट मिळते. रक्तक्षय नसलेल्या बाईला आठवड्याला एक, गरोदरपणी रोज एक अशी 180 दिवस. रक्त कमी असेल तर किती घ्यायच्या ते डॉक्टर सांगतात. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेऊ नका, तासा-दोन तासांचं अंतर ठेवा. मळमळत असेल तर रात्री जेवून झोपताना घ्या. शौचाला काळी होते, त्याला घाबरायचं कारण नाही. महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅम तरी वाढायला हवं. आकडा 12 ला पोचला की बहुतेकजणी गोळ्या बंद करतात, आणि नेमकी तिथंच चूक होते. रिकामा साठा भरायला पुढचे तीनेक महिने लागतात.

आता डाळिंब. इंदापूर तालुक्यात त्याच्या बागा आहेत आणि रक्त वाढवणारं फळ म्हणून त्याचा मानही मोठा. रंग सोडला तर त्यात रक्ताला लागणारं विशेष काही नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतं. बिटाचंही फारसं वेगळं नाही. त्यापेक्षा सुपे-मोरगावच्या जिरायतीतली बाजरी बरी, सोबत हरभऱ्याची उसळ आणि वर लिंबू. जेवणाला पेरूच्या दोन फोडी लावल्या तर त्यातल्या सी जीवनसत्त्वानं भाकरीतलं लोह जास्त शोषलं जातं. भिगवणची मासळीही हेच काम करते. माळकरी घरातल्या बाईला मासळी नको असेल आणि गोळ्यांनी फरक पडत नसेल, तर बी-12 जरूर तपासा.

एवढं करूनही रक्त वाढलं नाही, तर ते जातंय कुठं हे शोधायला हवं. तासा-दोन तासांत पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं, सातव्या दिवसानंतरही अंगावरून जाणं, यातलं काहीही नेहमीचं नाही. गर्भाशयातल्या गाठी, थायरॉइड, कधी तांबी, अशी कारणं सोनोग्राफी आणि रक्त तपासून कळतात. त्याची सोय बारामतीच्या महिला रुग्णालयात होते. बऱ्याचदा रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, हार्मोनची गोळी किंवा तांबीसारखं बसवायचं हार्मोनचं साधन एवढ्यावर भागतं.

"पिशवी काढून टाका" हा सल्ला मात्र लगेच मानू नका. बीड जिल्ह्यात 2019 च्या सरकारी पाहणीत ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. तिथल्या टोळ्या आपल्याकडच्या कारखान्यांवरही येतात. एक दिवस खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळीचा त्रासच नको, असं वाटणं समजण्यासारखं आहे. पण अंगावरून पांढरं जाणं किंवा पोट दुखणं हे बहुधा औषधानं बरं होतं. पिशवीसोबत बीजकोशही गेले तर तिशी-पस्तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत विचारायला लाजू नका.

पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एकदा जरी लाल डाग दिसला, तर मात्र त्याच आठवड्यात दाखवा. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत थांबू नका.