परका आणि कायदा : चौलपासून एका एस्टोनियन रहस्यपटापर्यंत

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील चौल हे प्राचीन बंदर. सुमारे १४६९ मध्ये त्व्हेर येथील रशियन व्यापारी अफनासी निकितिन येथे उतरला. गोऱ्या माणसाच्या नवलाने लोक आपल्या मागे चालत, अशी नोंद त्याने केली आहे. पुढे जुन्नर येथे तेथील अधिकाऱ्याने त्याचा घोडा जप्त केला आणि धर्मांतराची अट घातली. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केल्यावर घोडा परत मिळाला. ख्वाजा अहमद अब्बास व वसिली प्रोनिन यांच्या 'परदेसी' (१९५७) या भारत-सोव्हिएत चित्रपटाचा नायक हाच निकितिन होय.

परक्याशी सत्तेने कसे वागावे, हा निकितिनच्या अनुभवातील प्रश्न १९७९ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील एस्टोनियात निर्माण झालेल्या एका विज्ञान-रहस्यपटातही आढळतो. त्याचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

रहस्यपटाची चौकट

'हुक्कुनुद आल्पिनिस्टी होटेल', म्हणजे 'मृत गिर्यारोहकाचे हॉटेल', हा ग्रिगोरी क्रोमानोव दिग्दर्शित चित्रपट तालिनफिल्म या संस्थेने निर्माण केला. अर्कादी व बोरिस स्त्रुगात्स्की या बंधूंच्या कादंबरीवर तो आधारित असून पटकथाही त्यांचीच आहे. एका निनावी निरोपावरून निरीक्षक ग्लेब्स्की डोंगरातील हॉटेलात येतो. हिमकडा कोसळून वाट बंद होते आणि ओलाफ नावाचा पाहुणा मान पिरगळलेल्या अवस्थेत मृत आढळतो. बंदिस्त जागा, मोजके संशयित आणि चौकस पोलीस अधिकारी ही रहस्यपटाची परिचित सामग्री येथे पूर्णपणे उपस्थित आहे. स्वेन ग्र्यूनबर्ग यांचे इलेक्ट्रॉनिक संगीत मात्र प्रारंभापासूनच हे जग परके असल्याची जाणीव करून देते.

चौकटीचा भंग

रूढ रहस्यपटात शेवटी खुनी सापडतो. येथे खूनच झालेला नसतो. ओलाफ हा माणूस नसून यंत्रमानव असतो आणि त्याची ऊर्जा संपलेली असते. हॉटेलातील काही पाहुणे परग्रहवासी असून, गुन्हेगारांच्या टोळीच्या तावडीतून निसटून त्यांना मायदेशी परतायचे असते. त्यासाठी आवश्यक असलेली ओलाफची पेटी निरीक्षकाने पुरावा म्हणून ताब्यात घेतलेली असते. भौतिकशास्त्रज्ञ सिमोने त्यांची बाजू मांडतो. परंतु कायद्याच्या पुस्तकात अशा पाहुण्यांची तरतूद नाही, म्हणून ग्लेब्स्की विश्वास ठेवत नाही. अखेर पळून जाणाऱ्या त्या जीवांचा हेलिकॉप्टरमधील गोळीबारात अंत होतो. ज्या तर्कनिष्ठेमुळे एरवी गुप्तहेर नायक ठरतो, तीच येथे अनर्थाला हातभार लावते. विज्ञानकथा या चित्रपटात केवळ चमत्कृती म्हणून येत नाही. ती रहस्यपटाच्या न्यायकल्पनेचीच परीक्षा घेते.

निष्कर्ष

जप्त केलेला घोडा आणि जप्त केलेली पेटी यांत साम्य आहे. दोन्ही ठिकाणी प्रवाशाची पुढची वाट सत्तेच्या हाती गेली. जुन्नरला मध्यस्थाचे ऐकले गेले, म्हणून निकितिन पुढे बिदरपर्यंत जाऊ शकला आणि त्याचा वृत्तान्त इतिहासाला लाभला. हॉटेलात मध्यस्थाचे ऐकले गेले नाही. ग्लेब्स्की नियमानुसार वागला, हे निर्विवाद आहे. परंतु नियमपालन आणि न्याय या एकच गोष्टी आहेत काय, हा प्रश्न त्याच्या मनातून जात नाही. तो प्रश्न प्रेक्षकाकडे सोपविणे, हेच या चित्रपटाचे वेगळेपण होय.