आयआयएमचा प्रवेश: पाच ऐकीव गोष्टी

कॅटचा निकाल लागला की क्लासच्या कट्ट्यावर हिशोब सुरू होतात. कुणाचे पर्सेंटाइल किती, कुणाची कॅटेगरी कोणती, कुणाची जागा कुणी ‘खाल्ली’. यातलं बरंचसं ऐकीव असतं. नियम मात्र लेखी आहेत.

गैरसमज १: ओबीसी आरक्षणाने खुल्या जागा कापल्या.
वस्तुस्थिती: आज आयआयएममध्ये अनुसूचित जातींना १५, जमातींना ७.५, ओबीसींना २७ आणि ईडब्ल्यूएसला (आर्थिक दुर्बल घटकांना) १० टक्के जागा आहेत. ओबीसींचा वाटा २००६ च्या केंद्रीय कायद्याने आला आणि एप्रिल २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. त्याच कायद्यात अट होती की खुल्या जागांची संख्या पूर्वीपेक्षा कमी होता कामा नये. त्यासाठी एकूण जागा वाढवायच्या. २०१९ मध्ये ईडब्ल्यूएस आलं तेव्हाही जागा वाढवण्याचाच मार्ग धरला गेला. टक्का घटला, जागांचा आकडा नाही.

गैरसमज २: मुलींना आरक्षण आहे.
वस्तुस्थिती: केंद्राच्या कायद्यात असं आरक्षण नाही. अनेक आयआयएम निवडीच्या सूत्रात मुलींना आणि इंजिनिअर नसलेल्यांना काही गुण देतात, कारण वर्ग इंजिनिअर मुलांनीच भरून जायचे. शेतमालाच्या विक्रीवर चर्चा चालू आहे आणि बाजार समितीचा लिलाव कुणीच पाहिलेला नाही, अशा वर्गात सगळ्यांचंच शिकणं उणं राहतं. कोळिकोडच्या आयआयएममध्ये २०१३ च्या तुकडीत निम्म्याहून अधिक मुली होत्या. प्रत्येक संस्थेचं सूत्र वेगळं असतं आणि ते जाहीर केलेलं असतं.

गैरसमज ३: दिव्यांगांना गुण वाढवून मिळतात.
वस्तुस्थिती: त्यांच्यासाठी २०१६ च्या कायद्यानुसार ५ टक्के जागा राखीव आहेत, पण कॅटच्या पेपरात मिळतो तो वेळ. इतरांना प्रत्येक विभागाला ४० मिनिटं, त्यांना ५३ मिनिटं २० सेकंद, म्हणजे तासाला २० मिनिटांच्या हिशोबाने. गरज असेल तर लेखनिकही मिळतो. प्रश्न सगळ्यांना तेच.

गैरसमज ४: प्रवेश मिळाला की झालं.
वस्तुस्थिती: खरी कसोटी वर्गात लागते. बिझनेस स्कूलमध्ये ‘केस’ वाचून चर्चा होते आणि बऱ्याच विषयांत बोलण्यालाही गुण असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाकडे उत्तर तयार असतं. इंग्रजी वाक्य मनात जुळेपर्यंत शेजारच्याचा हात वर गेलेला असतो आणि चर्चा पुढे सरकते. बुद्धी तीच, पण गुणपत्रिकेत तो गप्प ठरतो. बोलायला थोडी उसंत देणारा प्राध्यापक आणि अभ्यासात सांभाळून घेणारे सीनिअर इथे कोट्याइतकेच मोलाचे.

गैरसमज ५: राज्याचा दाखला सगळीकडे चालतो.
वस्तुस्थिती: महाराष्ट्रातली मुलं इथेच सर्वाधिक फसतात. आयआयएमसाठी केंद्राची ओबीसी यादी आणि केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो. राज्यातले व्हीजे, एनटी, एसबीसी हे गट केंद्रात वेगळे नाहीत. जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तरच लाभ. २०२४ चं मराठा एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे, तर कुणबी केंद्राच्या यादीत आहेत. केंद्राच्या कोणत्याच आरक्षणात न बसणाऱ्यांना निकष पूर्ण होत असतील तर ईडब्ल्यूएस खुलं आहे. उत्पन्नाचा हिशोबही वेगळा. दोन्हीकडे मर्यादा ८ लाखांची; पण ओबीसींच्या त्या मोजणीत आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, ईडब्ल्यूएसमध्ये सगळं धरतात. शिवाय ईडब्ल्यूएसचा दाखला दर आर्थिक वर्षाला नवा लागतो.

कॅटचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा एप्रिलमध्येच केंद्राच्या यादीत आपली जात शोधा, दाखल्याचा नमुना तपासा आणि तहसील गाठा. पर्सेंटाइल पुरेसे असून कागदापायी जागा जाण्यासारखं दुसरं दुःख नाही.