गोळ्या सुरू केल्या आणि टीबी उपटला?

एचआयव्हीवरची औषधं (एआरटी) देणाऱ्या केंद्राबाहेरच्या बाकावर हमखास ऐकू येणारी तक्रार: ‘‘आधी बरा होता हो, गोळ्या चालू केल्या आणि महिन्याभरात टीबी झाला.’’ क्रम बरोबर आहे, दोष मात्र भलत्याच्या माथी जातो.

निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण 500 ते 1500 सीडी-4 पेशी असतात. त्या स्वतः जंतू मारण्यापेक्षा मारणाऱ्यांना हाक देतात. एचआयव्हीमुळे ही संख्या 200 च्या खाली गेली की जंतू अंगात असतो, पण हाक द्यायला कुणी नसतं. ताप नाही, गाठ नाही, कधीकधी क्ष-किरण फोटोही साफ. म्हणजे ‘आधी बरा होता’ हा खरं तर शुकशुकाट होता. औषधांनी विषाणू दबला, पेशी परतल्या आणि आतला टीबी पाहून एकदम तुटून पडल्या. ताप, सुजलेल्या गाठी, खोकला हा त्या झटापटीचा आवाज. अशा वेळी गोळ्या परस्पर बंद करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. टीबीचे उपचार जोडीनं चालतात. मेंदूच्या आवरणाला टीबी किंवा क्रिप्टोकॉकस बुरशीचा संसर्ग असेल तर मात्र डॉक्टर एआरटी मुद्दाम काही आठवडे उशिरा सुरू करतात.

‘विषाणू एकेक पेशी खातो’ हेही अर्धंच खरं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की लसिकाग्रंथींतल्या बहुतेक सीडी-4 पेशींत विषाणूची वाढ अर्धवटच थांबते. तरी त्याची चाहूल लागताच त्या स्वतःच फुटून मरतात. फुटताना दाह पसरतो, त्यामुळे नव्या पेशी तिथे ओढल्या जातात आणि त्याही मरतात.

‘पेशी घटल्यावर उपटणारे जंतू बाहेरून लागतात’ हा आणखी एक समज. न्यूमोसिस्टिस या बुरशीशी बहुतेकांची गाठ लहानपणीच पडलेली असते. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचे कोश मेंदूत वर्षानुवर्षं निमूट पडून राहतात. 1981 च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांत न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया आढळला, त्यातूनच एड्सची पहिली नोंद झाली. आज 200 च्या आत आकडा असलेल्यांना तो टाळण्यासाठी कोट्रायमॉक्सेझोलची साधी, स्वस्त गोळी देतात. टीबी मात्र आकड्याची वाट पाहत नाही; 500 असतानाही होतो. भारतात एचआयव्हीबाधितांना सर्वाधिक गाठणारा आजार तोच.

‘सीडी-4 वाढला, आता गोळ्या कशाला?’ कारण विषाणू काही पेशींत झोपून असतो. औषध थांबलं की काही आठवड्यांत तो रक्तात परततो. भारतात 2004 पासून सरकारी केंद्रांत हे औषध मोफत मिळतं, आणि 2017 पासून आकडा कितीही असो, निदान होताच सुरू करतात.

आणि डोकेदुखी. 100 च्या खाली आकडा असलेल्या माणसाचं डोकं दिवसचे दिवस दुखत असेल, तर ‘मान आखडलेली नाही, म्हणजे मेंदूज्वर नाही’ असं धरून चालू नये. मान आखडायला दाह लागतो आणि दाह करायला पेशी. क्रिप्टोकॉकसची रक्तचाचणी थोड्याशा रक्तावर, काही मिनिटांत होते.