चित्र बदललं की नायकही बदलतो

मूल कॉमिक्स घेऊन बसलं की आपण म्हणतो, "नुसती चित्रं काय बघतोस? काहीतरी वाच!" पण कॉमिक्समध्ये चित्रंही वाचावीच लागतात.

स्पायडर-मॅनचंच उदाहरण घ्या. १९६२ साली तो अमेरिकेत पहिल्यांदा आला, तेव्हा चित्रकार होते स्टीव्ह डिटको. त्यांचा पीटर पार्कर किडकिडीत, चष्मा लावणारा, वर्गात एकटा पडलेला मुलगा. मुखवटा चढवल्यावर तो कोळ्यासारखा अंग आखडून भिंतीला चिकटतो, तेव्हा जरा भीतीच वाटते.

१९६६ मध्ये डिटकोंनी हे काम सोडलं आणि जॉन रोमिता आले. रोमितांनी आधी प्रेमकथांची कॉमिक्स काढली होती. त्यांचा पीटर देखणा, भरदार खांद्यांचा झाला. संवाद लिहिणारे स्टॅन ली तेच, पोशाखही तोच. पण आधी ज्याची कणव यायची, त्याच्यासारखं आता आपल्याला व्हावंसं वाटतं! ही किमया रेषेची.

म्हणून पुढच्या वेळी मुलाला विचारून बघा, "हा घाबरलाय हे तुला कशावरून कळलं?" तो वाकलेले खांदे दाखवेल, सावली दाखवेल. शब्दांत न लिहिलेलं ओळखणं, हेही वाचनच आहे.